'लहरी' पाऊस, 'लहरी' बाजार : हा शब्द कुठे चालतो आणि कुठे अडतो?

पानपूरक
शेतकरी उत्पादक कंपनीच्या मासिक वार्तापत्राचा मजकूर माझ्याकडे असतो. त्यात 'लहरीपणा' हा शब्द फार झालाय. पाऊस उशिरा आला, पावसाचा लहरीपणा. मधेच गायब झाला, लहरीपणा. सोंगणीच्या तोंडावर कोसळला, तोही लहरीपणाच. कांदा पडला की बाजाराचा लहरीपणा आणि रात्रीची थ्री फेज गेली की विजेचा.
जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. (१) 'लहरी'चा नेमका अर्थ आणि वापर. (२) ओढ, दडी, खंड, उघडीप, हुलकावणी हे सगळं एकच की वेगवेगळं? (३) पंचनामा, पीक विमा वगैरे ठिकाणी यांतला कोणता शब्द धरला जातो?

---

मुद्रितशोधक
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

मूळ 'लहर' म्हणजे लाट. पुढे मनाची लहर, म्हणजे अचानक उठणारी आणि तशीच ओसरणारी इच्छा. त्यावरून 'लहरी' हे विशेषण. ते लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही: लहरी माणूस, लहरी बाई, लहरी हवामान. 'लहरीपणा' पुल्लिंगी, म्हणून 'पावसाचा लहरीपणा'. 'पावसाची लहरीपणा' असं हल्ली छापून येतं, ते चूक. 'लहरीपणाने' किंवा 'लहरीप्रमाणे' लिहावं, 'लहरीपणे' नको.

नाम म्हणून 'लहरी' हे 'लहर'चं अनेकवचनही आहे: ध्वनिलहरी, विषाच्या लहरी. त्यामुळे 'हवेच्या लहरी' असं लिहिलं तर वाचणारा क्षणभर अडखळतो. 'स्वारी आज लहरीत आहे' यात मात्र खूश असण्याचा अर्थ आहे, बेभरवशीपणाचा नाही.

मुख्य मुद्दा असा की 'लहरी' म्हटलं की समोर मन असलेला कुणीतरी गृहीत धरला जातो. लहरी राजा, लहरी कलावंत, लहरी साहेब. पावसाला आपण 'राजा' म्हणतो म्हणून तिथेही खपतो. म्हणजे मथळ्यात चालेल. पण काय बदललं, केव्हा बदललं, किती बदललं, यातलं काहीच तो सांगत नाही. ते सांगायचं असेल तर दुसरा शब्द घ्यावा लागतो, आणि मराठीत त्यांची टंचाई नाही.

---

जिरायती
दुसरा प्रश्न. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण शेतात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

ओढ देणे: पाऊस यायच्या वेळी आला नाही, ताणून धरलं. बहुतेक वेळा हंगामाच्या सुरुवातीला. 'जून संपत आला तरी पावसाने ओढ दिली.' पेरणी झालेली असो वा नसो, वाट पाहणं चालू आहे.

हुलकावणी: आभाळ भरून आलं, वारा सुटला, शेजारच्या शिवारात पडलाही, पण आपल्याकडे नाही. दिसूनही न येणं ही यातली खूण. ढगच नसतील तर हुलकावणी म्हणू नये.

दडी मारणे: येऊन गेल्यावर गायब होणं. आधी पाऊस झालेला असलाच पाहिजे. 'पेरण्या उरकल्या आणि पावसाने दडी मारली.' दडी किती दिवसांची ते या शब्दात नसतं.

उघडीप: पाऊस थांबला, ऊन पडलं. यात तक्रार नाही, उलट बहुतेकदा ती हवीच असते. आठवडाभर झड लागून तण माजलं असेल, फवारणी खोळंबली असेल, तेव्हा शेतकरी उघडीपच मागतो. दोन-पाच दिवसांची उघडीप आणि त्यानंतरचा वापसा (मशागतीजोगी ओल) यांवर आंतरमशागत होते. 'पावसाच्या उघडिपीमुळे पिके करपली' असं वाचलं की लिहिणाऱ्याचा शेताशी संबंध नाही हे कळतं.

खंड: चालू हंगामात पडलेला कोरडा काळ, आणि तोही मोजलेला. 'अठरा दिवसांचा खंड' म्हणतात, 'अठरा दिवसांची दडी' कुणी म्हणत नाही. सरकारी कागदावर चालतो तो हाच शब्द.

नक्षत्रांच्या हिशेबात जुनी माणसं 'अख्खं नक्षत्र कोरडं गेलं' म्हणतात. पावसाचं एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं. म्हणजे तेही एक मापच झालं, दोन आठवड्यांच्या खंडाचं.

---

वऱ्हाडी ठेचा
यात झड शब्दाची नीट दखल घ्या. मुसळधार वेगळा, झड वेगळी. झडीत जोर कमी असतो, पण दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. काळ्या जमिनीत नुकसान जोरापेक्षा या सलगपणाने होतं: मुळांना हवा मिळत नाही, कपाशी पिवळी पडते, तूर जागेवर उधळते, म्हणजे वाळून जाते. मोजमापात दिवसाला तीस-चाळीस मिमीच दिसतात, म्हणून 'अतिवृष्टी'च्या व्याख्येत ती बसत नाही. शब्द चुकला तर तक्रारही चुकते.

आणि आमच्याकडे पावसाला 'पाणी'च म्हणतात, तेव्हा 'पाणी गेलं' वाचून नळाचं समजू नका.

---

पर्जन्यमापक
आकडे देतो, म्हणजे शब्दांना टेकू मिळेल. हवामान खात्याच्या व्याख्या अशा (२४ तासांतला पाऊस, सकाळी साडेआठ ते साडेआठ):

पावसाचा दिवस : २.५ मिमी किंवा जास्त
हलका : २.५ ते १५.५
मध्यम : १५.६ ते ६४.४
जोरदार : ६४.५ ते ११५.५
अति जोरदार : ११५.६ ते २०४.४
अत्यंत जोरदार : २०४.५ आणि पुढे

आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा हंगामाच्या बेरजेसाठी: सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे 'सर्वसाधारण'. उणे २० ते ५९ 'तुटीचा', उणे ६० ते ९९ 'मोठ्या तुटीचा'. वरच्या बाजूला अधिक २० ते ५९ 'जादा', ६० च्या पुढे 'खूप जादा'.

इथेच 'लहरीपणा'चा घोळ होतो. जिल्ह्याची बेरीज उणे पाच टक्के, म्हणजे सर्वसाधारण. पण जूनमध्ये ओढ, जुलैत आठ दिवसांत महिन्याचा कोटा, ऑगस्ट कोरडा, सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा धुव्वा. बेरीज जुळते, म्हणून पीक जात नाही असं कुठे आहे? वार्तापत्रात टक्केवारी देत असाल तर शेजारी पावसाचे दिवस किती आणि सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा, हे दोन आकडे द्या. एवढ्याने चित्र स्पष्ट होतं.

गावात साधं मापक असेल तर: तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर, आणि झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. गच्चीवर ठेवलेलं मापक वाऱ्यामुळे कमी दाखवतं. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्याच तारखेला नोंदतात, जरी तो आदल्या संध्याकाळी पडलेला असला तरी. तारखांचे निम्मे वाद यातूनच होतात.

---

सह्यकडा
पण पर्जन्यमापक, एवढं शास्त्र असूनही कुणाला आधी सांगता येत नाही, म्हणजे शेवटी लहरीच ना?

---

पर्जन्यमापक
सह्यकडा, आधी सांगता न येणं आणि कारण नसणं या दोन गोष्टी आहेत.

ऑगस्ट २०२३ घ्या. देशभरात १६२.७ मिमी पाऊस झाला, सरासरी २५४.९ मिमी. ३६ टक्के तूट. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नाही. कारण माहीत आहे: मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा बराच काळ हिमालयाच्या पायथ्याला सरकून राहिला. तो तिकडे गेला की तराईत आणि ईशान्येकडे पाऊस, आणि मध्य भारत-महाराष्ट्र कोरडे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होऊन पश्चिमेकडे येत नाहीत तोवर हे मोडत नाही. त्यात एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी जास्त तापल्याचं वर्ष. अशा खंडाची चाहूल आठ-दहा दिवस आधी बऱ्यापैकी लागते. हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. त्यातले पहिले दोन आठवडे पाहावेत, पुढचे केवळ कल म्हणून.

आगमनाचंही तसंच. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच दाखल झाला. याला 'अवकाळी' म्हणता येणार नाही, कारण तो मोसमीच होता, फक्त लवकर आला. फरक वाऱ्यांचा असतो. मे महिन्यातला वळीव दुपारच्या तापमानावर उठतो, संध्याकाळी गडगडाट करून तास-दोन तासांत संपतो आणि एका गावात पडतो, दुसऱ्यात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभऱ्यावर गारांसह येतो तो अवकाळी. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हा अवकाळी नव्हे, तो हंगामाचाच शेवट.

---

तिफण
शब्दाच्या चुकीची सगळ्यात मोठी किंमत पेरणीच्या वेळी मोजावी लागते. 'पाऊस आला' आणि 'पेरणीयोग्य पाऊस झाला' यांत फरक आहे.

कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी तोच असतो: ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. का, ते पाहा. पहिल्या तीस-चाळीस मिमीत उन्हाळ्यात तापलेल्या काळ्या जमिनीचा वरचा थर तेवढा भिजतो, खाली जमीन कोरडीच. बी तीन-चार सेंटिमीटरवर पडतं, ओल ओढून फुगतं, कोंब काढतं, आणि मूळ खाली गेलं की कोरडी माती लागते. त्यात पाच-सहा दिवस ऊन पडलं की कोंब वाळतो. सोयाबीनचं टरफल पातळ, एकदा फुगून वाळलेलं बी पुन्हा उगवत नाही. तिथून दुबार पेरणी.

उलटही होतं. बी पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं आणि पाठोपाठ जोराची सर आली तर वर पपडी धरते आणि कोंब आत मान मोडून बसतो. हा दोष पावसाचा नाही, फणाच्या खोलीचा.

पेरणीआधी करायचं ते एवढंच:
– शेतात दोन-तीन ठिकाणी खुरप्याने खणून पाहा. वीतभर खोल ओल हवी. मूठभर माती दाबून गोळा व्हावा आणि सोडल्यावर फुटावा. चिकटून राहिला तर अजून वापसा नाही, भुगा झाला तर ओल नाही.
– घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सात-आठ दिवसांनी मोजा. ७० उगवले तर शिफारशीएवढंच बियाणं वापरा. कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवा. ६० च्या खाली असेल तर ते बी पेरण्यात अर्थ नाही.
– सपाट पेरणीला हेक्टरी ७०-७५ किलो लागतं, रुंद वरंबा सरीवर (रुंद गादीवर पेरणी, बाजूला चर) ५०-५५ किलोत भागतं. सरीचा खरा फायदा दोन्हीकडून: खंडात ओल धरते, झडीत पाणी बाहेर काढते.

पाऊस लांबलाच तर मूग-उडदाचा हट्ट जुलैच्या पहिल्या पंधरवड्यानंतर सोडावा. पुढे बाजरी, सूर्यफूल, तूर याकडे वळावं.

---

जिरायती
तिफण यांच्या प्रतिसादाला जोडून, खंड पडल्यावर काय करावं.

पहिली गोष्ट कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर उकरणं, पण वेळेत. शेवटच्या पावसानंतर वापसा असतानाच. वरचा इंचभर थर मोकळा झाला की खालची ओल वर चढून उडायची वाट तुटते, आणि काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात. रान कडक झाल्यावर कोळपं घातलं तर ढेकळं उचकटतात, मुळं तुटतात, फायद्याऐवजी तोटा. सोयाबीनला फुलोरा लागल्यावर कोळपू नये.

दुसरी, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) या विद्राव्य खताची एक टक्का फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. पीक दुपारी माना टाकत असताना फवारलं तर पानं करपतात. आणि हे पाण्याला पर्याय नाही, चार-सहा दिवस काढायला मदत आहे इतकंच.

तिसरी, संरक्षित पाणी. शेततळ्यात थोडंच पाणी असेल तर ते शेंगा भरण्याच्या वेळेसाठी राखा. तुषारने द्या, पाटाने दिलं तर अर्धं भेगांत जातं.

---

आठ-अ
तिसरा प्रश्न, कागदाचा. इथे 'लहरीपणा' शब्दाला किंमत शून्य. पाहायचं ते असं:

अतिवृष्टी : महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस. नोंद मंडळाच्या स्वयंचलित केंद्राची धरतात, तुमच्या गावच्या मापकाची नाही. मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत हेक्टरी मदत जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्य यात वेळोवेळी भर घालतं, तेव्हा त्या-त्या वर्षाचा शासन निर्णय पाहावा. अर्जात 'मुसळधार पावसाने' न लिहिता 'दि. अमुक रोजीच्या अतिवृष्टीने, गट क्रमांक अमुक, पीक अमुक, क्षेत्र अमुक' असं लिहा.

खंड, दुष्काळासाठी : २०१६ च्या दुष्काळ संहितेत सलग तीन ते चार आठवडे, आणि त्यांतल्या प्रत्येक आठवड्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. आठवड्याचा हिशेब, दिवसाचा नाही.

खंड, पीक विम्यासाठी : २०२३ च्या खरिपात राज्यात गाजला तो २१ दिवसांचा खंड. त्यावर हंगाम मध्यातील प्रतिकूल परिस्थिती धरून २५ टक्के अग्रिम, म्हणजे आगाऊ भरपाई. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात विम्याची योजना आणि असे ट्रिगर (भरपाई सुरू होण्याच्या अटी) बंद केले, भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली, शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला पुन्हा २ टक्के (नगदी पिकांना ५). तेव्हा जुन्या बातम्या वाचून '२१ दिवस झाले, अग्रिम कधी?' असं वार्तापत्रात छापू नका.

दिवस मोजण्यातली मेख लक्षात ठेवा. २.५ मिमीचा दिवस पावसाचा दिवस धरला की, पंधराव्या दिवशी तीन मिमीची भुरभुर झाली तरी सलग कोरडे दिवस तिथे तुटतात. पिकाची रोजची गरजच चार-पाच मिमी असते. कागदावर खंड मोडतो, रानात नाही.

---

सह्यकडा
आणि ढगफुटी? आजकाल नाला भरला तरी ढगफुटी.

---

पर्जन्यमापक
ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिमी किंवा जास्त. तासाचं मोजमाप नसेल तर तो शब्द वापरू नये, 'अत्यंत जोरदार पाऊस' लिहावं.

पाऊस जागेनुसार किती बदलतो याचं टोकाचं उदाहरण २६ जुलै २००५ चं. २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हेक्टरला दहा हजार लिटर. ९४४ चा गुणाकार करून पाहा.

महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक मात्र लहरीपणा नव्हे. तो दरवर्षीचाच आहे, डोंगरामुळे.

---

उन्हाळ कांदा
बाजाराबद्दल बोलतो. 'बाजाराचा लहरीपणा' हा शब्द मला तरी पटत नाही, तो जबाबदारी झटकायला सोयीचा आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी, मुदत ३१ मार्च २०२४. ती संपण्याआधीच पुढे ढकलली. ४ मे २०२४ ला उठवली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के, किमान मूल्य हटवलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. यातल्या प्रत्येक तारखेच्या मागेपुढे लासलगावचे लिलाव बघा. याला लहर म्हणत नाहीत, धरसोड म्हणतात. घेतलेला निर्णय सोडायचा, सोडलेला पुन्हा धरायचा. धोरणाची धरसोड, भावातला चढउतार, आवकेतली वाढ-घट: तिन्ही वेगळे ठेवा.

क्रियापदंही मोजूनमापून. भाव 'उतरले' म्हणजे थोडे कमी झाले, 'घसरले' म्हणजे सलग काही दिवस, 'गडगडले' किंवा 'कोसळले' म्हणजे एक-दोन दिवसांत मोठी पडझड. क्विंटलला पन्नास रुपये कमी झाले की 'कोसळले' छापायचं नाही. शेतकरी घाबरून चाळ फोडतो, म्हणजे साठवलेला कांदा बाहेर काढतो, आणि आवक खरोखर वाढते.

---

मुद्रितशोधक
'धरसोड' नेमका. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या फर्मानांना 'तुघलकी कारभार' असाही शब्द आहे. १३२७ च्या सुमारास दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, राजधानी हलवणाऱ्या महंमद तुघलकावरून. वार्तापत्रात तो जपून वापरा, तो टीका करतोच.

विजेसाठी 'लपंडाव' रूढ आहे आणि चपखल आहे: जाते, येते, परत जाते. चार तास सलग गेली तर तो लपंडाव नव्हे, 'वीज खंडित' किंवा 'पुरवठा बंद'. व्होल्टेज वरखाली होत असेल तर 'दाब कमी-जास्त होणे'. मोटार जळण्याचा धोका यात मोठा.

---

पानपूरक
सर्वांचे आभार. ऑगस्टच्या अंकातली 'पावसाच्या लहरीपणामुळे सोयाबीनचे नुकसान' ही ओळ अशी केली आहे, पाहा:

'जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पावसाने ओढ दिली. ४० मिमीवर पेरलेल्या क्षेत्रात दुबार पेरणी करावी लागली. जुलैत पाऊस सरासरीपेक्षा १५ टक्के जादा झाला, मात्र तो ९ दिवसांत पडला. त्यानंतर १७ दिवसांचा खंड असून पीक फुलोऱ्यात आहे. उघडीप असल्याने कोळपणी उरकून घ्यावी.'

---

जिरायती
शेवटचं वाक्य काढा. सतरा दिवसांनंतर ती उघडीप राहिली नाही, रान कडक झालंय. वर पीक फुलोऱ्यात आहे, तिथे कोळपं घालायचं नाही. त्याजागी तुषारचं पाणी आणि १३:०:४५ लिहा, प्रमाणासकट.

---

पर्जन्यमापक
'१५ टक्के जादा' हे हवामान खात्याच्या भाषेत 'सर्वसाधारण'मध्येच येतं, म्हणून 'सरासरीच्या ११५ टक्के' लिहा. आणि सरासरी तालुक्याची की मंडळाची, तेही घाला.

---

आठ-अ
मंडळाचीच घाला. सभासद चार मंडळांत पसरलेले असतील तर खंडाचे दिवसही चार वेगळे द्यावे लागतील, एका ओळीत भागणार नाही.